पद्माकरचं शटर

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आमचे पंप सापडले! जिथे असायला हवेत तिथे नाही. एका परक्या बंदरात, कंटेनरमध्ये, वर लेबल – ‘दूध पावडरची यंत्रे’. पुढे कुठे निघाले होते ते ऑफिसात कुणी तोंडाने बोलत नाही. ज्या देशाला आमच्या कंपनीने एक स्क्रूसुद्धा विकायचा नाही, तिथे.

वापरून काढलेले चौदा पंप. ऐकायला भंगार वाटतं. पण युरेनियमचा वायू ज्यांना खात नाही असे पंप जगात फार थोडे जण बनवतात. हे पंप ज्यांना जोडतात ती यंत्रं तीच, वायूही तोच – थोडं फिरवलं की वीजघराचं इंधन, जास्त फिरवलं की बॉम्ब. म्हणून तर कंपनीने मला ठेवलंय. घेणाऱ्याच्या दारात जायचं, माल कुठे बसणार ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मगच सही. एकवीस वर्षं हेच केलं, आणि त्याचा तोराही मिरवला.

या मालावर सही माझी आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. मी गोदाम बघितलंच नव्हतं.

माल घेणारा पद्माकर. इथल्या, सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला झांज वाजवणारा, माझ्या घरी दहा वेळा जेवलेला. गेल्या जुलैत आंग मो किओ भागात त्याच्या ऑफिसात गेलो. “या शेखरराव!” चहा, बाकरवडी, मुलीच्या लग्नाचे फोटो. दीड तास. मागे शटर होतं, बंद. मी तिकडे बघितलं तर म्हणाला, “किल्ली नेमकी घरी राहिली हो. कुणाला पाठवू का? तुम्ही म्हणाल तर...” आणि मी म्हणालो, “छे छे! तुमच्यावर काय अविश्वास?”

दुसरा कुणी असता तर किल्ली येईपर्यंत ठाण मांडून बसलो असतो. पूर्वी बसलोही आहे, चार-चार तास. पण आपल्या माणसाला ‘शटर उघड’ कसं म्हणायचं! भीड भिकेची बहीण – आई उगाच म्हणायची नाही.

परत येऊन रिपोर्टात लिहिलं, ‘गोदाम पाहिले.’

रिपोर्ट सिस्टिमवर चढवायचं काम माझ्या हाताखालच्या क्षिप्राचं. ती म्हणाली, “सर, गोदामाचा फोटो नाहीये.” मी खेकसलो, “मी बघून आलोय ना? चढव.” बिचारीने चढवला. आता कॉम्प्युटरवर तिचं नाव दिसतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

मुख्यालयातून वकीलबाई आल्यात. पेपरवाले मागे लागलेत. गेल्या वर्षी कंपनीच्या गळक्या सिलिंडरांवरून निदर्शनं झाली, आता हे.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. म्हणाले, पाहणीला ती मुलगी गेली होती असं म्हटलं तर? नवखीची चूक म्हणून मिटेल. तुझी चूक म्हणजे कंपनीची चूक.

मी म्हणालो, विचार करतो.

विचार करतो! तिथल्या तिथे ‘नाही’ म्हणायला काय झालं होतं?

शनिवार, १३ सप्टेंबर

पद्माकरचा फोन बंद. मंडळाच्या ग्रुपमधून गायब. चोर तो चोर, वर माझी बाकरवडी कायमची कडू करून गेला.

घरी सांगितलं शेवटी. अनीश खांदे उडवून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणतो, “आय्या पप्पा, जस्ट टेल देम लाह!” विसाव्या वर्षी सगळंच सोपं असतं. जया म्हणाली, “दोन वर्षांनी रिटायर व्हायचंय तुम्हाला. ती तरुण आहे, मिळेल तिला दुसरं.” हीच जया, दिवाळीला क्षिप्राला हाताने डबा भरून देणारी. मला तिचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो मला बरं वाटलं याचा.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज क्षिप्राच मला ऑफिसखालच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर घेऊन गेली. समोर नूडल्स, खात नव्हती. नोकरी गेली तर कामाचा पास रद्द, तीस दिवसांत सिंगापूर सोडायचं – हे मी तिला सांगायची गरज नव्हती.

“नोकरी जाऊ दे, सर. पण माझ्या नावावर हे नको. बॉम्बचं सामान पाठवणारी म्हणून कोण घेईल मला? सांगलीत बाबांना काय सांगू?”

मग म्हणाली, “पण तुम्ही आहात ना. तुम्ही खरं तेच सांगाल.”

मी म्हणालो, “हो गं. काळजी करू नकोस. जेव.”

ती जेवली.

बुधवार, १७ सप्टेंबर

ठरलं! सगळं कागदावर लिहून काढलं – तारीख, वेळ, चहा, शटर, तिने मागितलेला फोटो. दीड पान झालं. एकवीस वर्षांत इतका खरा रिपोर्ट लिहिला नसेल. शुक्रवारी साडेअकराला वकीलबाईंसमोर ठेवायचा. झोपही नीट लागेल आज.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज लिहवत नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

पाय दुखतायत. आमच्या चोआ चू कांगच्या एक स्टेशन आधी उतरून घरी चालत आलो. क्षिप्राचं टेबल रिकामं केलंय. साहेब लिफ्टमध्ये भेटले, खांद्यावर हात ठेवला. तो झटकला नाही मी.

शनिवार, ११ ऑक्टोबर

क्षिप्राचा मेसेज, चांगी विमानतळावरून. “सर, फ्लाइट लागलीये. मला कुणी काही सांगितलं नाही, पण मला माहितीये, तुम्ही माझ्यासाठी भांडला असाल. त्यांनी ऐकलं नाही, त्यात तुमचा काय दोष? तब्येतीला जपा. काकूंना नमस्कार.”

त्या शुक्रवारी वकीलबाईंनी कागद पुढे केला – ‘पाहणीला क्षिप्रा गेली होती.’ मी सही केली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिला उत्तर पाठवलं, “सुखरूप जा. पोचलीस की कळव.”