बरणीतलं डावं फुप्फुस

३ तारीख
नोकरी लागली! या वयात! वैद्यकीय कॉलेजातली बरण्यांची खोली माझ्या ताब्यात. औषधी पाण्यात ठेवलेले अवयव, काही बाळंसुद्धा. काचा पुसायच्या, पाणी उतरलं की भरायचं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही झुरळाला घाबरता, तिथे कसं व्हायचं? पण घरी सुनेची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं.

५ तारीख
खिडकीजवळच्या बरणीत एक मुलगा आहे, छाती उघडी. मोठ्या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना सांगितलेलं मीही ऐकलं. आईच्या पोटात असतानाच छाती आणि पोटामधला पडदा अर्धवट राहिला. आतडी वर चढली. डाव्या फुप्फुसाला वाढायला जागाच उरली नाही, शेंगदाण्याएवढं राहिलं. जन्मला, पण श्वास घेता आला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आजोबा तर बरणीबाहेरच मुरलेत. पोरं खिदळली. अजून कानात आहे.

८ तारीख
मी चष्मा पुसतो तसा काचेवर तोंडाने 'हा' करतो. आज त्याच्या बरणीवर केलं. पुसलं, तरी वाफ राहिलीच. आतून होती.

११ तारीख
फुप्फुस बदामाएवढं झालंय. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, याला पुरलं असं आईला मोठ्या डॉक्टरांनीच खोटं सांगितलं. मी काचेला तोंड लावून त्याला सगळं सांगितलं. आणि जोरात 'हा' केलं.

१२ तारीख
डॉक्टर शिकवता शिकवता खाली बसले. धाप. डावं फुप्फुस चालत नाही म्हणे. जिरली! म्हणा आता मुरलेत.

१४ तारीख
डॉक्टर गेले. मी शीळ घालत काचा पुसल्या.

१५ तारीख
बरणीतल्या मुलाची आई आली. कुणीतरी तिच्या कानावर घातलं असावं. काका, माझं बाळ इथे आहे का, एवढंच विचारलं. चौकशी लागली तर नोकरी जाईल. मी बरणी पाठीमागे झाकून उभा राहिलो आणि म्हणालो, असं कुणी इथे नाहीच. ती गेली. पाठीमागे काचेवर टिचकी वाजली.

१६ तारीख
जिना चढवत नाही. बोलताना वाक्य तुटतं — मावशींना म्हटलं, तिला शोधा, बाळ घेऊन जा म्हणावं —

१७ तारीख
मावशी अजून आल्या नाहीत. बरणी रिकामी — झाकण घट्टच —
पोटात काहीतरी लहान — पाय झाडतंय — वर चढतंय — डावीकडे जागा करून —
बाळा, आणतो रे तिला, थोडं थां