आपल्याला मिळालेली वीज

३ डिसेंबर १९९१, मंगळवार
आले बाई एकदाची भिवंडीला! मी अनसूया भोईर, तिसरीतून शाळा सुटलेली, पण सुनेनं, चंपानं, वही दिलीय तर लिहिते. गणेशपुरीहून एसटीनं आले, मांडीवर तुपाचा डबा, गाठोड्यात धाकट्या लेकीनं दिलेली विजेची शेगडी अन् डोक्यात एकच, नातू! बाळारामचा पहिला मुलगा, मोरू, महिन्याचा. लोण्याचा गोळा! नाक माझं, बाकीचं सुनेचं असू दे. बाळाराम राहनाळच्या पुढं सरकारी भात संशोधन केंद्रात थंड खोलीचं यंत्र सांभाळतो. क्वार्टर त्या खोलीला पाठ लावून आहे. भिंत दिवसभर मांजरासारखी घुरघुरते. मोरू त्या आवाजावर झोपतो.

६ डिसेंबर, शुक्रवार
केंद्रातल्या कलावतीबाई डॉक्टर आहेत म्हणून त्यांना गुडघा दाखवायला गेले. हसल्या. म्हणाल्या, आजी, मी भाताची डॉक्टर! मग थंड खोली दाखवली. डब्यांत जुन्या भातांची बियाणं, वर गावांची नावं. एका डब्यावर माझं माहेर! आईचं काळकुसळ्या भात, आता कुणीच पेरत नाही. शेवटचं बी ते एवढंच. मी डब्याला नमस्कार केला. बाई म्हणाल्या, बी मेलेलं नसतं, थंडीत झोपलेलं असतं. थंडी गेली की मरतं.
संध्याकाळी बाळाराम पेढे घेऊन आला. संशोधनाला वीज स्वस्तात मिळावी म्हणून बाईंनी चार वर्षं अर्ज केले होते. नाहीतर खोली बंदच करावी लागली असती. म्हणाला, आई, आपल्याला सवलत मिळाली. आपल्याला! मी दोन पेढे खाल्ले.

९ डिसेंबर, सोमवार
चुलीचा धूर मोरूच्या डोळ्यांत जातो. मागच्या पडवीत थंड खोलीच्या विजेचा बोर्ड आहे. आता आपल्याला सवलत आहे, मग काय! बाळाराम ड्युटीवर गेला, चंपा आत पडून होती. मी शेगडी काढली नि पिन खोचली. पाणी कसं खळाखळा! मोरूला तेल चोळून असं न्हाऊ घातलं की गाल गुलाबी झाले. आता रोज असंच, कुणाला सांगायचं नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
वीजवाले तपासणीला आले. पडवीत शेगडी लालभडक. संशोधनाची वीज घरकामाला वापरली म्हणून सवलत रद्द. साहेबानं विचारलं, कुणाची? शेजारी केंद्राची झाडूवाली ठमाबाई झाडत होती, तिच्यावरच आलं. ती म्हणाली, सायब, माज्या घरात दिवा न्हाय, शेगडी कुठली? सगळे हसले. तिला कामावरून काढलं. मी मोरूला पदरात घेऊन उभी होते. बाळारामची नोकरी, हे छप्पर. बोलले नाही.
बाळाराम रात्री जेवला नाही. म्हणाला, आपल्याला म्हणजे केंद्राला गं आई.
मी भात वाढत राहिले.

२३ डिसेंबर, सोमवार
जुन्या दरानं परवडेना. आज यंत्र बंद केलं. भिंत गप्प झाली. पण हात लावला तर गार, बर्फासारखी. चुलीवर तापवलेलं पाणी मोरूच्या अंगावर घालेपर्यंत गार झालं. तो रडला नाही. झोपला.

२६ डिसेंबर, गुरुवार
मोरू दुधाला उठत नाही. दवाखान्यात म्हणाले, मूल झोपाळू आहे, घेऊन जा. तळवे गार. टाळूला वास येतो — भाताचा. आईच्या भाताचा.
केंद्रात कलावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, खोली पार तापली, थंडी कुठं गेली कोण जाणे.
मला ठाऊक आहे कुठं गेली.
म्हणाल्या, ज्यानं केलं त्यानं नावानिशी लिहून दिलं तर सवलत परत मागता येईल. ठमाबाईही कामावर परत येईल. मी हो म्हणून मान हलवली. न लिहिताच घरी आले.

२८ डिसेंबर, शनिवार
मोरूच्या मुठी उघडत नाहीत. दाण्यासारखा घट्ट — श्वास आहे, पण मोजून —
भिंतीतून आईचा आवाज. अनसू, आपल्याला कोण झोपवणार?
आपल्याला म्हणजे कुणाला, आई —

२९ डिसेंबर, रविवार, दुपार
लिहिते. वीजवाले साहेब, शेगडी ठमाबाईची नाही. केंद्राची नाही. बाळारामला ठाऊक नव्हतं —
मोरूनं डोळा उघडला!
पिन मी खोचली. ते चुकून. पण गप्प बसले ते जाणून —
मूठ सुटली. कोमट होतोय माझा राजा, पाय झाडतोय — रडला! चंपा धावली —
माझी बोटं मात्र — गार — बोटांना भाताचा वास —
नाव हवं म्हणाल्या बाई. नावाशिवाय कागद कसला —
किती गोड झोप — थांब आई, एवढी सही —
अनसू