दोन मिनिटं जागा धर

१० जून, सोमवार
पोहोचले एकदाची! विद्यापीठ म्हणजे नुसतं चित्र आहे. तळं, काठावर दगडी इमारती, आणि टेकडी उतरली की लगेच गाव. कॉफीची दुकानं, जुनी पुस्तकं, सायकलींची ही झुंबड! विद्यार्थी कोण नि प्राध्यापक कोण, ओळखून दाखवावं. इथल्या ग्रंथालयात मला नोकरी ताईनेच लावून दिली, वर पत्रांवर पत्रं, लवकर ये, तुझ्यावाचून करमत नाही. ती स्टेशनवर आली नाही म्हणून हिरमुसले होते, पण वाचनकक्षात खिडकीशी बसलेली दिसली आणि राग पळाला. नऊ वर्षांनी भेटलो. बाबा गेले तेव्हाही ती घरी आली नव्हती. शिकायला गेली आणि शिंगं फुटली, असं आम्ही म्हणायचो. आज माझा हात धरून ती एवढी रडली की मलाच लाज वाटली.

१२ जून, बुधवार
इथली एक गंमत. वाचनकक्षात खुर्ची रिकामी दिसली की गेलीच. रुमाल, पुस्तक ठेवून भागत नाही, माणूसच बसवावा लागतो. म्हणून जो तो ओळखीच्याला जागा धरायला सांगून उठतो. ताई मात्र उठतच नाही. मी सकाळी येते तेव्हा तिथे, संध्याकाळी निघते तेव्हाही तिथेच. चहा-बिस्किटं आमचे ग्रंथपाल जागेवर नेऊन देतात. बाई, तुला काय मुळं फुटलीत, अशी मी चेष्टा केली. ती हसली नाही.

१४ जून, शुक्रवार
दुपारी ताई म्हणाली, दोन मिनिटं जागा धर, तोंडावर पाणी मारून येते. मी कडेला टेकले, तेव्हा कुठे ती उठली. मग ती खिडकीतून तळ्याकाठी दिसली, अनवाणी, उन्हात तोंड वर करून उभी. थोड्या वेळाने माझी सायकल घेऊन गावाकडे गेली.
चार वाजले तरी पत्ता नाही. वैतागून उठायला गेले, तर उठताच येईना. चिमटा काढला की पाय दुखतात, पण हलत नाहीत.

१५ जून, शनिवार
ग्रंथपालांना विचारलं. खाली मान घालून म्हणाले, ही खुर्ची बसलेल्याला सोडत नाही. त्याला जीव लावणारं माणूस आपण होऊन बसलं, तरच तो सुटतो. ताईलाही तिच्या जिवलग मैत्रिणीने असंच बसवलं होतं.
म्हणजे नोकरी, ती प्रेमाची पत्रं, ते रडणं— सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला. मी ओरडले. लोकांनी वर पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले.

१७ जून, सोमवार
ताई खिडकीखाली येते, आत येत नाही. आज चिठ्ठी पाठवली— रागावू नकोस, तुला सोडवते.
इतकं होऊनही मला तिचा आधार वाटला. मूर्ख मी.

१९ जून, बुधवार
आई आली आहे. ताईने बोलावून आणली. स्वतः दारातच— आत पाऊल टाकत नाही. आईला एवढंच सांगितलंय की धाकटीचे पाय आखडलेत.
आई म्हणते, किती गं वाळलीस. ऊठ, मी बसते, तू जरा पाय मोकळे करून ये.
सांगायला हवं.
तिने पिशवी खाली ठेवली. खुर्चीच्या कडेला टेकली. मला सरकवते आहे.
पाय हलले.
आई, नको. म्हणणार आहे, नको म्हणणारच आहे, फक्त एकदा उभी राहून—