आतड्यांसकटची बरणी

बुधवार, रात्री

आज सासूबाईंनी वांग्याचं कालवण दोनदा मागून घेतलं. म्हणजे माझंच बरोबर होतं!

मासे मिठात मुरवून कालवणात घालायला चवदार रस काढायचा होता; पहिली बरणी फुकट गेली ती माझ्या स्वच्छतेपायी. धरणातले बारके मासे आईनं शिकवल्यासारखे साफ केले, आतडी मांजराला टाकली आणि मग मिठात घातले. वर्षभरानं काय, नुसते खारट मासे. आठवीला पचन शिकवते मी, आणि मलाच सुचू नये? माशातल्या प्रथिनांचे तुकडे करून चव मोकळी करणारी विकरं त्या आतड्यांतच तर असतात. तीच मांजराला घातली!

दुसऱ्या खेपेला मासे आतड्यांसकट मुरवले. मीठ इतकं, की कुजणं थांबावं, पण विकरांचं काम चालूच राहावं. "लई घाण वास मारतोय, उकिरड्यावर टाक," सासूबाई रोज म्हणायच्या. मी ऐकलं नाही. आज खायचा वार, म्हणून वरचा तांबूस रस गाळून चमचाभर कालवणात घातला.

जेवणं झाल्यावर बरणी त्यांच्यापुढे ठेवली. आतड्यांची करामत सांगितली, तशी त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"म्हंजी इतकी वर्सं आमी चव मांजराला घालत व्हतो?"