कुणाची तू, कुठली

अण्णा, घाबरू नका, नामावळीचं पान फाडलेलं नाही. हे किराणाच्या यादीचं पॅड आहे. तुमच्या वह्या लोखंडी कपाटात तशाच आहेत, लाल फडक्यात बांधलेल्या. तुमच्यामागे उपाध्येपण काही मी चालवलं नाही. सातपूरच्या एका कंपनीत कारकुनी केली, आणि कंपनीने घरी बसवल्याला आता दोन वर्षं झाली. कसं चाललंय असं कुणी विचारलं की मजेत म्हणतो. डोंबलाचं मजेत! सकाळी दात घासायचे म्हटलं तरी जिवावर येतं.

तो दिवस आठवतो का तुम्हाला? मी कॉलेजात होतो. तुमचा हात थरथरायला लागला होता, म्हणून सुट्टीत रामकुंडावर यजमानांची नावं नामावळीच्या वहीत मी लिहायचो. वणीकडचं एक कुटुंब मुलाच्या अस्थी घेऊन आलेलं. आई, बाप आणि एक बहीण. नाव, गाव, आजा, पणजा, सगळं लिहून झालं. मुलगा एकवीस वर्षांचा. आणि मी आगाऊ, विचारलं, "कशाने गेला?" बाप खाली बघतोय. आई तोंडात पदर धरून बसलीय. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत आणि काहीच झालं नाही अशा आवाजात त्या बहिणीला म्हणालात, "तुझं नाव सांग, बाळ. तुझं लिहायचं राहिलंय." घरी आल्यावर मात्र भर स्वयंपाकघरात, आईच्या देखत, माझी खरडपट्टी काढलीत. "गाढवा, कसा गेला हे आपल्या वहीत लिहितात होय? कुणाचा, कुठला, एवढं विचारायचं. आणि मागे कोण राहिलंय ते. मागे राहिलेल्यालाही वाटलं पाहिजे, की आपण कुणाच्या तरी वहीत आहोत." मी रागाने जेवलो नाही. मग आईने मागीलदारी नेऊन दहीभात दिला.

आता मी जिथे रमतो तिथला कारभार उलटा आहे. मोबाईलवर एक जागा आहे, अण्णा. ज्यांना जगणं नकोसं झालंय ती माणसं तिथे येऊन विचारतात. नाव खोटं, गाव नाही, गोत्र तर सोडाच. कुणाची ओळख विचारायची नाही, हा तिथला पहिला नियम. "हे कधी थांबतं का?" असं कुणीतरी लिहितं. खाली उत्तरं येतात. एकजण देवाचा फोटो टाकतो, दुसरा "पॉझिटिव्ह राहा" म्हणतो, तिसरा "नाटकं बंद कर". कुणी नुसतंच "मलाही" लिहून जातं. दुपारी जेवणं उरकून तुमची सून जरा पडली की मी ते वाचत बसतो.

तिथे एक मुलगी यायची. मला काका म्हणायची. आठ-दहा दुपारी आम्ही बोललो. ती लिहायची, "आज अंघोळ केली." मी लिहायचो, "शाब्बास." एकदा म्हणाली, "आई डब्यात एक पोळी जास्त घालते, तिला कळलंय बहुतेक." मी म्हटलं, "तिला सांग ना सगळं." आणि गेल्या मंगळवारी माझ्यातला उपाध्या जागा झाला. नियम माहीत असून मी लिहिलं, "कुणाची तू? गाव कोणतं?" ती म्हणाली, "का? घरी कळवणार का?" मी म्हटलं, "नाही गं, सहज." मग तिने विचारलं, "काका, तुम्ही इथे कशाला येता?"

मी लिहिलं, "तुझ्यासारख्यांना मदत करायला."

तिचं उत्तर आलं, "मला वाटलं, तुम्हीपण." एवढंच. नंतर तिचं खातंच दिसेना. साईटवाल्यांना लगेच कळवलं, त्यांचं छापील उत्तर आलं. ती आहे की नाही, मला माहीत नाही. काल कपाट उघडून शेवटची वही काढली. लिहू काय, अण्णा? नाव नाही, गाव नाही. वही परत बांधून ठेवली.

तीन दिवस स्वतःला सांगत होतो, गाव विचारलं म्हणून घाबरली पोर. म्हणजे तुमच्या शिकवणीवर ढकलून मी मोकळा! तसं नाही ते. मी तिथे मदत करायला गेलोच नव्हतो. ती विचारत होती तेच विचारायला गेलो होतो, वर्षापूर्वी. विचारायची लाज वाटली, म्हणून लोकांना उत्तरं देत बसलो. तिला एक शब्द खरा हवा होता. तो माझ्याकडे होता.

हे काही तुम्हाला पोचायचं नाही. सव्वातीन वाजलेत, आतून बांगड्या वाजल्या, म्हणजे तुमची सून चहाला उठली. पॅड तिचं आहे, साखर संपलीय, यादी करायला ती ते उचलणारच. पान फाडून खिशात घालावं असं दोनदा मनात आलं. फाडलं नाही. इथेच ओट्याजवळ बसलोय.