सरदारानं दिलेलं काम

रवि., ६ जुलै. कराड
दुकान बंद, म्हणून वरच्या खोलीत खेळ. आब्बा जिन्यातून, "एवढं काय ओरडताय?" सांगितलं, मी गोष्ट सांगते, हे तिघं त्यातली माणसं होतात. काय करायचं ते ठरवतात, जमतं का ते फाशावर. "मग जिंकतं कोण?" कुणीच नाही, आब्बा.
आज सरदारानं काम दिलं : धनगरांनी माझी मेंढरं पळवली, परत आणा. धनगरांचं म्हणणं मी लिहून ठेवलेलं. कुणी विचारलंच नाही. सागर कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, घाई फार. "तुटून पडायचं!" फौजेतून रिटायर झालेल्या हवालदारकाकांनी फासा टाकला. सहा. एक म्हातारा धनगर आणि त्याचे दोन भाऊ मेले. दोघं हसले.
बिरू नाही. त्याच्या घरचे अजूनही मेंढरं घेऊन माण तालुक्यातून खाली उतरतात. हे मला आधी सुचायला...

मंगळ., ८
बिरूला फोन. सॉरी म्हटलं.
"शबानाताई, खेळ हाय, त्याचं काय न्हाई. पर म्हाताऱ्याला नाव व्हतं का?"
होतं. सांगितलं. त्यानं ते नाव एकदा म्हणून बघितलं. मग, "म्होरचं हलकं करू नगा."

रवि., १३
नाही केलं. तिघं मेंढरं घेऊन सरदाराकडे. त्यानं ती आत घेतली, दार लावलं आणि शिपायांना ओरडला, "हेच ते खुनी!" मेंढरं धनगरांचीच होती. धनगरांच्या तळावर एक शब्द विचारला असता तर कळलं असतं.
सागर उठलाच. "काम देणाराच दगा देणार, तर खेळायचं कशाला? फसवलंस तू."
"सरदारानं फसवलं. माणसं तुम्ही मारलीत."
"मागचा रविवार पुसून टाक. नाहीतर मी येत नाही."
"पुसणार नाही."
काका मध्ये पडले, "पोरी, फौजेत हुकूम आला की विचारायचं नसतं..." आणि स्वतःच थांबले. चहा तसाच राहिला.

बुध., १६
सागरचा मेसेज. वेगळा गट काढतोय. तिथं काम देणारा खोटं बोलणार नाही, मारामारी भरपूर. शुभेच्छा दिल्या. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. चार वर्षं समोर बसायचा. पण त्याला परत आणायला मेलेले उठवायचे? जमणार नाही.

शनि., १९
हवालदारकाका दुकानात, पँट आल्टर करायला. जाताना हळूच, "त्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं, तर फासा लागतो का?"
नाही, बोलावं लागतं.
"काय बोलायचं?"
ते तुम्ही ठरवायचं, काका.

रवि., २०
काका वेळेआधी हजर. बिरूही. सागरची खुर्ची मी भिंतीकडं सरकवली.
काका म्हणाले, "शिपायांच्या हातून निसटायचं बघतो. मग तळावर जातो. हत्यार न घेता."
निसटले. म्हाताऱ्याची बायको पालापाशी बसलेली. तिचं मी बोलणार होते. बिरू म्हणाला, "ताई, तिचं मी बोलू?"
बोल.
त्यानं काकांकडं बघितलं. "कोन वो तुमी?"
काकांनी फासा बाजूला सारला, म्हणाले, "तुमचा माणूस मी मारला." मी मध्ये पडले नाही.