सगळी दारं सारखी

२ मे, सकाळ.
टेक्सासमधलं फ्रिस्को सोडलं. कॉलेजही (तात्पुरतं). जुन्या अमेरिकन शहरांतल्या रोहाउसेसचा तौलनिक अभ्यास करणार. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, बॉस्टन. फ्रिस्कोतली एका साच्यातली घरं बघून माणसाची नजर मरते. माझी शाबूत आहे.

४ मे.
बाल्टिमोर. बाबांचे मित्र हेमचंद्रकाका, रिटायर्ड डॉक्टर, त्यांच्या रोहाउसमध्ये मुक्काम. अख्खी गल्ली एकमेकांना चिकटलेली. विटा, पुढे संगमरवरी पायऱ्या. शोभनाकाकू म्हणाल्या, "पायरीवर चपला दिसल्या की घर आमचं. इथे दुसरं कोणी बाहेर काढत नाही." मला असल्या खुणा लागत नाहीत.

५ मे.
काकांनी महाराष्ट्र मंडळात रविवारी माझं व्याख्यान ठरवलं. स्लाइड्ससकट. अध्यक्ष आधी नको म्हणत होते, काकांनी गेल्या वेळी सुचवलेला वक्ता आलाच नव्हता. काका फोनवर म्हणाले, "हा आमचा कुश आहे. माझी गॅरंटी." मग मला म्हणाले, "बाबा रे, तोंडघशी पाडू नकोस."
छे!

७ मे.
फिलाडेल्फिया. दर मजल्यावर एकच खोली, अशी चिमुकली तीनमजली घरं बघायची होती. वाटेत पार्कात बुद्धिबळवाले भेटले. हरलो. परत हरलो. उजेड गेला. एक फोटो मिळाला, मध्ये बस आली. बसच्या वर धुराडं दिसतंय. अभ्यासकाला तेवढं पुरे.

८ मे.
बॉस्टन कॅन्सल केलं. तिथल्या घरांच्या दर्शनी भिंती पोट पुढे काढून उभ्या असतात म्हणे. नुसतं वाचूनही डोळ्यांसमोर येतं.

९ मे, संध्याकाळ.
लिहू नये असं वाटतंय.
फिरून आलो. पायरीवर जोडे होते. शेजारी माझे काढले, आत गेलो, सोफ्यावर पाय पसरले आणि ओरडलो, "काकू, चहा!"
जिन्यावरून एक गोऱ्या आजी उतरल्या. हातात छत्री, उगारलेली. जोडे त्यांचे, बागकामाचे, चिखल वाळायला ठेवलेले.
मोज्यांवरच मला शेजारी नेलं. बेल वाजवून काकांना विचारलं, हा तुमचा का?
काकांनी माझ्याकडे, मग मोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, हो.

१० मे, दुपार.
हॉल भरलेला. काका पहिल्या रांगेत, कोट घालून. काकूंनी शेजारच्या आजींनाही आणलेलं. पहिली स्लाइड बसची. दुसरी नव्हती. भिंतींच्या पोटाविषयी बोललो, तेही संपलं.
आयटीतल्या मिहीर नावाच्या एकाने विचारलं, "यार, पण एका रांगेतली घरं वेगळी ओळखायची कशी?"
छपराखालची नक्षीदार कार्निस, खिडक्या, पायऱ्या, काहीही म्हणता आलं असतं. आजींकडे लक्ष गेलं.
"चपलांवरून," म्हणालो.
हॉल हसला. आजींना काकूंनी कानात सांगितलं, मग त्याही. काका हसले नाहीत. तरी शेवटी सर्वांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. एकट्याने, जरा वेळ.
अध्यक्षांनी गुच्छ दिला. घ्यावा लागला.

११ मे.
दाराच्या हँडलला लाल रिबन बांधलेली. काल मिळालेल्या गुच्छाची.
काका म्हणाले, "जा, फिरून ये. आता चुकणार नाहीस."
दिवसभर बाहेर पडलो नाही.